शाळेचा नकाशा पाड्यावर आखला तर

बोरिवली, गोरेगाव, अंधेरी, मुलुंड इथल्या शाळांच्या कुंपणभिंतींवर आता वारली चित्रे सर्रास दिसतात. गेरूच्या रंगावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे, मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. रंगवणारे कधी हौशी पालक असतात, कधी कॉलेजची मुले, कधी एखाद्या कंपनीचे कर्मचारी. चित्रे देखणी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण वारली घरात लग्नाचा चौक लिहितात तो घराच्या आतल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, सवाशिणींच्या हातांनी, आणि त्यात पालघाट देवी बसते. ती चित्रे कुठल्या भिंतीवर आणि कधी लिहायची हे घर ठरवते. शाळेची भिंत कुठे उभी राहणार हे ठरवताना मात्र त्याच घरांना विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. भिंत उभी राहिली की ती रंगवायला त्यांची कला आठवते.

हा प्रश्न डहाणू-जव्हारसारख्या आदिवासी भागाचा आहे आणि मुंबईशी त्याचा संबंध नाही, असे वाटत असेल तर उपनगरांचा नकाशा पुन्हा पाहायला हवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या आत-बाहेर नवपाडा, रावणपाडा, तुमणीपाडा असे आदिवासी पाडे आहेत. शेजारच्या आरे वसाहतीत २७ पाडे सांगितले जातात: केलटीपाडा, खांबाचा पाडा, जीवाचा पाडा, मरोशी पाडा, नवशाचा पाडा. वारली बहुसंख्य, त्यांच्याबरोबर मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. ही माणसे शहरात आलेली नाहीत, शहर त्यांच्यापर्यंत आले. १९४९मध्ये दुग्धवसाहतीसाठी आरेची तीन हजारांवर एकर जमीन घेतली गेली आणि १९५१मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे उद्घाटन झाले, तेव्हा पाडे तिथेच होते. मुंबईतल्या गल्लीबोळांतून तबेले उठवून म्हशींना मोकळी, स्वच्छ जागा द्यायची ही तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांची कल्पना मोठीच होती. तिच्यासाठी गोठ्यांचे युनिटामागून युनिट आखले गेले. गोठ्याच्या जमिनीला उतार किती, शेण-मूत वाहून कुठे जाणार, पाणी कुठून येणार, सगळ्याचे नकाशे झाले. पाड्यांचे मात्र नकाशे झाले नाहीत. पुढे ज्या ज्या योजना आल्या त्यांनी पाड्याला रिकाम्या जमिनीवरचा अडथळा समजण्याची सवय तिथूनच उचलली, असे माझे मत आहे.

पाड्याला विचारून शाळा कशी घडते याचे उत्तम उदाहरण बोरिवली-गोरेगावहून पुढे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्याच मार्गावर आहे, आणि त्याची सुरुवातही बोरिवलीतच झाली. १९४५मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविका शिबिर भरले होते. तिथे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि पुढे त्यांच्या सहकारी झालेल्या अनुताई वाघ यांची गाठ पडली. ताराबाईंनी भावनगरला बालशिक्षणकार गिजुभाई बधेकांबरोबर काम केले होते, १९३६मध्ये दादरला शिशुविहार काढले होते. मध्यमवर्गीय मुलांसाठी माँटेसरी पद्धतीची बालशाळा कशी असते हे त्यांना पुरते ठाऊक होते. बालशिक्षण खेड्यातल्या गरीब मुलापर्यंत न्यायचे, या ध्यासाने त्या डहाणूजवळच्या बोर्डीला निघाल्या होत्या आणि अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. त्याच वर्षी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

बालवाडीची इमारत होती, साधने होती, शिक्षिका होत्या. वस्तीतली मुले मात्र येईनात. कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, कुणाच्या मागे शेळ्या, कुणाची आई मजुरीला गेलेली आणि घर राखायला सात वर्षांची पोर. बोलावून आणलेली मुले दुसऱ्या दिवशी गायब होत. अशा वेळी पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. या दोघींनी तसे म्हटले नाही. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, असे त्यांनी ठरवले. वस्तीतल्या एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे आणि तिथेच मुलांना आंघोळ, नखे कापणे, गाणी, गोष्टी, खेळ, ती अंगणवाडी. साधने म्हणजे शिंपले, बिया, खडे, पाने. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले, तिथे वारली पाडेच आजूबाजूला होते. मग गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षिका कुरणात जाऊ लागली, ती कुरणशाळा. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग. आणि तिथल्या विकासवाडी या शाळा-संकुलात पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकमेकांना लागून, म्हणजे धाकट्याला घेऊन आलेली मोठी बहीण त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकेल.

या प्रयोगाकडे आपण शिक्षणशास्त्र म्हणून पाहतो. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ही बहुतेक जण त्याच नजरेने वाचतात. मला तो वास्तुरचनेचाही मोठा धडा वाटतो. अंगणात शाळा भरते तेव्हा काय बदलते ते पाहा. तिथे दार नाही, त्यामुळे आत येऊ का असे विचारावे लागत नाही. आजी ओट्यावर डाळ निवडता निवडता सगळे ऐकते आणि शिक्षिकेचा शब्द चुकला तर सांगते. शिक्षिका त्या घरी पाहुणी असते, त्यामुळे बोलण्याचा सूर आपोआप बदलतो. रडणारे मूल आईला दिसते, आई मुलाला दिसते. पाळणाघर वर्गाला लागून असावे हा निर्णय तर थेट इमारतीच्या आखणीचाच आहे, आणि तो कुठल्याही वास्तुरचनेच्या पुस्तकातून आलेला नव्हता. शाळा सोडलेल्या मुलीच्या कडेवर काय आहे हे कुणीतरी नीट पाहिले, त्यातून तो आला. १९७५मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. पुढे तिच्या खोल्या झाल्या. अंगण बहुतेक ठिकाणी गेले.

आता पाड्यावरच्या घराकडे जरा जवळून पाहू, कारण विचारायचे म्हणजे काय विचारायचे हे त्यातून कळते. जुन्या पद्धतीचे वारली घर कुडाचे. लाकडी मेढी उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या दाट लावून बांधायच्या आणि त्यावर माती, शेण, भाताचा तूस यांचा गिलावा. कारवी म्हणजे आठ वर्षांनी एकदा फुलणारे झुडूप. बोरिवलीच्या डोंगरावर ती २०१६मध्ये फुलली होती, नंतर २०२४मध्ये. भिंत वरपर्यंत नेऊन बंद करत नाहीत, छपराखाली फट राहते, तिथून चुलीचा धूर जातो आणि वारा येतो. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून छप्पर खाली उतरलेले, त्यामुळे आत जाताना वाकावे लागते. आत उजेड कमी. पण दिवसा घरात बसतो कोण? भात वाळवणे, कांडणे, टोपल्या विणणे, पंचायत, लग्नाचा मांडव, तारप्याचा नाच, सगळे अंगणात. घर झोपायला, रांधायला आणि कणगी ठेवायला. राहायला अंगण.

अशा घरातले पाच-सहा वर्षांचे मूल पहिल्यांदा वर्गात बसते. खिडकी जमिनीपासून तीन फुटांवर सुरू होते आणि मूल सतरंजीवर बसलेले असते, म्हणजे त्याला तिच्यातून आभाळ दिसते, झाड दिसत नाही, वाटेवरून जाणारी आई तर नाहीच. खिडकीला जाळी, दाराला कडी. छप्पर पत्र्याचे असले तर एप्रिलमध्ये खोली भट्टीसारखी तापते आणि जुलैमध्ये बाईंचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत पावसाळ्यात सरासरी २००० मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदवला जातो. एवढ्या पावसाच्या गावात पत्र्याखाली भाषा शिकवायची ही आपण मुलांना दिलेली शिक्षाच आहे. खिडकी दीड फुटावर घ्या, वर्गाबाहेर खोल पडवी काढा, पडवीला बसायला ओटा करा. एवढ्या गोष्टींना फारसा जादा खर्च येत नाही. आणि पाड्यावरच्या कुठल्याही बाईला विचारले तर शाळेत बसायला जागा कुठे हवी हे ती पहिल्या पाच मिनिटांत सांगेल.

काही गोष्टी तर फक्त तिलाच ठाऊक असतात. बिबट्याचे घ्या. २०१८च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात उद्यान आणि भोवतालच्या परिसरात ४७ बिबटे मोजले गेले. आरेत मुलांवर हल्ले झालेले आहेत आणि लेकरू गमावलेली घरे तिथे आहेत. शाळेचे स्वच्छतागृह मागच्या कोपऱ्यात, झाडीला लागून काढायचे ही आपली नेहमीची रीत. वास येऊ नये म्हणून. पण मुलीने एकटीने त्या कोपऱ्यात जायचे कसे, हा तिच्या आईचा पहिला प्रश्न असतो. मध्यान्ह भोजनाचे खरकटे जिथे पडते तिथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. म्हणजे स्वयंपाकघर कुठे, कचरा कुठे, दिवा कुठे, कुंपणाला फाटक कोणत्या बाजूला, हे सगळे जीवावरचे प्रश्न आहेत. बिबट्याची रोजची वाट कोणती, पावसाळ्यात कुठला ओहोळ फुगून वाट बंद होते, कुठल्या झाडाखाली वाघोबाचा दगड आहे आणि तिथे टाकी बांधायची नाही, हे पाड्याला पिढ्यानपिढ्या माहीत आहे. मोजणीच्या नकाशात ते उमटत नाही. नगररचनेच्या भाषेत ही ‘स्थानिक माहिती’. तिच्यावाचून आखलेली शाळा कागदावर बिनचूक असेल, पण मुलीला तिथे पाठवायला आई धजणार नाही.

कायद्याने विचारायची सोय केलेली आहे, आणि ती लोकांना फारशी माहीत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेच्या इमारतीचे निकष आहेत: दर शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, अपंग मुलाला अडथळ्याविना येता येईल अशी वाट. चांगली यादी आहे. पडवी, अंगण, सावली, भावंडाला ठेवायची जागा यांतले त्यात काही नाही, पण मनाईही नाही. याच कायद्याच्या २१व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती येते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. २२व्या कलमाने ही समिती शाळा विकास आराखडा करते आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार हा आराखडा असतो. आराखडा तीन वर्षांचा असतो, त्यात वाढीव खोल्या आणि सोयींच्या गरजा मांडायच्या असतात. म्हणजे महापालिका शाळेत ज्या पाड्यावरची मुले जातात त्या पाड्यावरची आई समितीत बसून, पडवी हवी, पाळणाघराला खोली हवी, असे लिहून मागू शकते. प्रत्यक्षात आराखडा मुख्याध्यापक भरतात आणि समितीच्या सह्या घेतात, असे ठिकठिकाणचे शिक्षकच सांगतात. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यावर इतर कामांचे ओझे एवढे आहे की चार संध्याकाळी पाड्यावर जाऊन बसायला वेळ उरत नाही.

दुसरी वाट २००६च्या वनहक्क कायद्याची. त्याच्या ३(२) कलमात शाळा आणि अंगणवाडीसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, असे म्हटले आहे. म्हणजे शाळा कुठे व्हावी यात पहिला शब्द ग्रामसभेचा. मुंबईत ग्रामपंचायत नाही, मग ग्रामसभा कोणती, इथेच गाडी अडली आणि वनहक्काचे काम वर्षानुवर्षे रखडले. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा तर पालघरपर्यंत आहे, बोरिवलीला नाही. आरेतील सुमारे ८०० एकर जमीन आता राखीव वन आहे, उरलेली दुग्धविकास खात्याकडे आणि इतर संस्थांकडे, आणि उद्यानातल्या पाड्यांवर वनखाते. एका अंगणवाडीची भिंत दुरुस्त करायची तर कुणाच्या दारात जायचे हेच कळत नाही. पाड्यावरच्या लोकांचे अर्धे आयुष्य या परवानग्यांत जाते.

आता एक अवघड गोष्ट. आदिवासींना विचारून शाळा बांधायची म्हटले की शहरातल्या वास्तुरचनाकाराच्या डोळ्यांपुढे कुडाची भिंत, गवताचे छप्पर आणि गोल वर्ग येतात. पाड्यावर जाऊन विचारले तर उत्तर येते: आम्हाला स्लॅबची शाळा पाहिजे. यात आश्चर्य कसले? उद्यानातून कारवी तोडायला बंदी आहे, त्यामुळे जुनी घरेही आता पत्रे आणि प्लास्टिकने सावरलेली. दर पावसाळ्याआधी भिंत लिंपायला मजुरीचे दिवस मोडावे लागतात. शेजारी बावीस मजली इमारती उभ्या. अशा वेळी शाळाही मातीची द्यायची म्हणजे त्यांना वाटणार, यांनी आपल्या पोरांना पुन्हा कमी दर्जाचेच दिले. हे उत्तर ऐकून नाराज होणाऱ्या वास्तुरचनाकाराला विचारायचे नव्हतेच. त्याला होकार हवा होता. वारल्यांचा नाच गोल असतो म्हणून त्यांचा वर्गही गोल हवा, हे तर कुणा वारल्याच्या डोक्यात आलेले नाही. त्यांची घरे चौकोनीच असतात.

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासोमधल्या गांदो गावात हाच पेच पडला होता. गावचाच मुलगा फ्रान्सिस केरे जर्मनीत वास्तुरचना शिकत होता. त्याने गावासाठी मातीच्या विटांची शाळा काढायची ठरवली, तर लोकच तयार होईनात, कारण मातीच्या भिंती पावसात ढासळतात हे त्यांनी जन्मभर पाहिलेले. केरेने हट्टाने माती गळी उतरवली नाही. मातीत सिमेंट मिसळून विटा दाबून केल्या, सच्छिद्र विटांचे छत केले आणि त्यावर उंच उचललेले पत्र्याचे छप्पर घातले, म्हणजे पाऊस भिंतीला लागत नाही आणि गरम हवा मधून निघून जाते. बांधले गावानेच. २००१मध्ये ती शाळा उभी राहिली, तिला २००४मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला आणि केरेला २०२२मध्ये प्रित्झकर. गावाची शंका खरी मानली म्हणून छप्पर सुधारले, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. दुसरे उदाहरण कॅनडाचे. तिथे आदिवासींची मुले घरापासून तोडून निवासी शाळांत कोंडण्याचा काळा इतिहास आहे. १९७२मध्ये त्या देशातल्या आदिवासी संघटनेने आपल्या शिक्षणाचा ताबा आपल्याकडे मागितला, पुढल्या वर्षी सरकारने ते धोरण मान्य केले, आणि त्यातून पुढे ब्रिटिश कोलंबियात सीबर्ड आयलंडची शाळा झाली. १९९१च्या त्या इमारतीची लांब पडवी सामन मासे वाळवायच्या मांडवाची आठवण देते. आपल्याला इतके लांब जायचीही गरज नाही. वसईच्या बाजूला वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी विधायक संसद या संस्थेने भट्टीजवळच भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे त्या मजुरांच्या झोपडीचाच प्रकार. नर्मदेच्या काठी नंदुरबारच्या डोंगरांत गावांनी स्वतःच्या हातांनी जीवनशाळा बांधल्या, आणि सरदार सरोवर धरणाचे पाणी चढत आले तशा वर हलवून पुन्हा बांधल्या.

विचारायचे कसे, हे शेवटी तपशिलाचे काम आहे. निळ्या रेषांचा नकाशा भिंतीवर लावून ‘काही सूचना?’ म्हटले तर सगळे गप्प बसतात, आणि त्या गप्पपणाला संमती म्हणून नोंदवले जाते. त्याऐवजी जागेवरच फक्कीने वर्ग आखावा, खऱ्या मापाचा. लोकांनी त्यात उभे राहावे, मुलांनी बसावे, आणि दार कुठे हे दोन दगड ठेवून दाखवावे. रेषा पुसून पुन्हा मारायला काहीच पैसे पडत नाहीत. पाड्यावरच्या बायका सकाळी भाजी घेऊन बाजारात किंवा घरकामाला बाहेर पडतात आणि अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने दाराबाहेर निघत नाहीत, म्हणून बैठक रविवारी दुपारी घ्यावी. भगताला, लग्नविधी करणाऱ्या धवलेरीला, शाळा सोडलेल्या मुलालाही बोलवावे. शाळा का सुटली हे त्याच्याइतके नेमके कुणी सांगणार नाही. पहिल्या बैठकीत कुणी बोलणार नाही, हेही गृहीत धरावे. इतकी वर्षे त्यांना हटवण्यासाठीच नकाशे आणले गेले आहेत. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतल्या प्रजापूरपाड्यावरची घरे उठली ती याच दशकभरातली गोष्ट. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला बोलणे सुरू होईल, आणि तेव्हा सांगितलेल्यातले काय केले, काय जमले नाही आणि का, हे पाड्यावर परत येऊन सांगावे लागेल.

महापालिकेकडे शाळांच्या इमारतींसाठी स्वतंत्र शाळा पायाभूत सुविधा कक्ष आहे. नवी इमारत किंवा दुरुस्ती निघाली की अंदाजपत्रक, निविदा, कंत्राटदार असा त्याचा क्रम असतो. पाड्यावरची मुले ज्या शाळांत जातात तेवढ्यांपुरता तरी या क्रमाआधी एक टप्पा वाढवावा: फक्कीची आखणी, तिची छायाचित्रे आणि समितीतल्या पालकांचा सही-अंगठ्याचा कागद फाइलला जोडल्याशिवाय अंदाजपत्रक पुढे सरकणार नाही. यासाठी नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरते. आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनीही वाट पाहू नये. पुढच्या आराखड्यात पडवी, खाली घेतलेली खिडकी, वर्गाला लागून पाळणाघर आणि पुढच्या बाजूला, उजेडात असलेले मुलींचे स्वच्छतागृह या चार गोष्टी लिहून द्याव्यात, आणि त्या अर्जाची पोच घ्यावी.